राणी आमच्याच बोलीत बोलन

माही माय जनकाबाई नदीच्या अल्याडून बोलली का पल्याडचा माणूस 'हो' म्हणते. वय सत्तर, पण आवाज अजून खणखणीत. आमच्या उंद्री गावात तिच्याशी भांडाले कोणी येत नाही.

माही लेक अपेक्षा घरी बसून कॉम्प्युटरवर कार्टून बनवते. तिनं 'सातव्या विहिरीची राणी' नावाची मालिका केली. सात विहिरींच्या खाली एक राज्य आहे, अन् तिथली राणी पाणी चोरणाऱ्या राक्षसाशी लढते. राणीचा आवाज मायचा. लोकांनी फोनवर एवढं पाह्यलं का, "दुसरी मालिका कधी?" म्हणून पोट्टीचं डोकं खाल्लं.

रेकॉर्डिंग आमच्या कापसाच्या खोलीत. भाव यायची वाट पाहत आपण कापूस छतापर्यंत भरून ठेवतो ना? त्याच्या मधात एक माणूस बसन एवढी जागा केली का ट्रॅक्टर, कुत्रं, भोंगा, कशाचाच आवाज आत येत नाही. शहरातल्या स्टुडिओवाले त्यासाठी भिंतीले काय काय चिकटवतात म्हणे.

दुसऱ्या मालिकेसाठी पुण्याच्या एका कंपनीचे शेखर साहेब आले. चहा पेले, मायचा आवाज ऐकला, "अप्रतिम!" म्हणाले. मंग हळूच म्हणे, "फक्त राणीची भाषा जरा शुद्ध करू या. राणी आहे ना ती. वऱ्हाडी आपण तिच्या नोकराला देऊ. लोक पोट धरून हसतील."

माहं डोकं असं फिरलं! पण म्या तोंड उघडायच्या आधी मायच बोलली, "साहेब, राणी माह्यासारखीच बोलन. नोकराले तुमची भाषा द्या. पाहू कोणावर हसतात ते."

साहेब गेले ते गेलेच.

मंग अपेक्षानं घरीच काम सुरू केलं. पहिले दोन भाग टाकले, ते या खेपेले लांबलांबच्या शहरात पोचले, अन् खाली कमेंटमधी लोकांनी नुसता शिमगा केला. "ही राणी आहे की शेतात खुरपणारी बाई?" "कानाला त्रास होतो." त्यात आपल्या बुलडाण्याचेही दोघं-तिघं होते, लेकाचे! पोट्टी लय रडली. म्हणे, "बाबा, मी दुसऱ्या बाईचा आवाज घेतो. खोली आता लागत नाही, तुम्ही विका कापूस."

कापसाचा भावही रोज घसरून राह्यला होता. खोटं काऊन बोलू, मीही खचलो होतो. जानराव व्यापाऱ्याले गाडी घेऊन बोलावलं.

गाडी दारात लागली अन् माय खोलीतून बाहेर आली. लुगड्याले सगळा कापूस चिकटलेला.

"काय लिहिलं व त्याईनं? वाच मले."

अपेक्षानं मान खाली घालून वाचलं. मले वाटलं, आता माय शिव्या देईन. ती तं हसाले लागली.

"मंग? खुरपणारी बाईच आहो मी. यात लाजाचं काय आहे व? चल, मशीन चालू कर. राणी आता हेच बोलन."

दोघी आत गेल्या. जानराव म्हणे, "प्रेमानंदभाऊ, उद्या भाव आणखी पडन."

"पडू दे," म्या म्हटलं. "गाडी वापस ने. अन् हॉर्न वाजवू नको बे, आत रेकॉर्डिंग चालू आहे."

तिसरा भाग आला. त्यात राक्षस भर दरबारात राणीले हिणवते, "तू राणी आहेस की खुरपणारी बाई?" राणी सिंहासनावरून उठते, हातात खुरपं.

"हाव, खुरपणारीच. पन्नास वर्षं तण उपटलं म्या, मुळासकट. आता तुहा नंबर."

आमचा कापूस शेवटी पडल्या भावात गेला. जाऊ दे. त्या भागाखाली मेहकरपासून दुसरबीडपर्यंतच्या बाया लेकीबाळीच्या फोनवरून लिहून राह्यल्या होत्या. पहिलंच अपेक्षानं मायले वाचून दाखवलं: "माहं नाव पंचफुला. मीही खुरपाले जातो. राक्षस कुठं राहते, सांग."