न बुडालेली कंपनी

भागीरथी आत्या. माझ्या वडिलांची थोरली बहीण. मी आज जो काही आहे तो तिच्यामुळे, हे मी चारचौघांत नेहमी सांगतो. पण मी तिच्या बाबतीत काय केलं — ते आजवर कुणालाच तोंडानं सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही आम्हा दोघांना ओळखत नाही.

आमची वाडी पोलादपूर तालुक्यात, आंबेनळी घाटाच्या अंगाला, डोंगरावर. मी महाडला कॉलेजात होतो तेव्हा आत्या रोज पहाटे भाकरी थापून माझा डबा वस्तीच्या एसटीच्या ड्रायव्हरकडे द्यायची. तीन वर्षं. पाऊस असो, ताप असो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. आता महाडच्याच एमआयडीसीत, एका कारखान्याच्या ऑफिसात आहे.

आत्याची एकुलती लेक सुनीता लग्नानंतर गुवाहाटीला गेली, जावई लष्करात. तिला मुलगी झाली. बाळंतिणीला इतक्या लांबून आणणं शक्य नव्हतं, म्हणून बारशाला आत्यानंच जायचं ठरलं. आगगाडीचे दोन-तीन दिवस तिच्या गुडघ्यांना झेपले नसते. मी आम्हा दोघांची विमानाची तिकिटं काढली. आत्याच्या शेळ्या राखायला चार घरांनी पाळ्या वाटून घेतल्या. शेजारचे गणूकाका तिला चिडवायचे, "म्हातारे, शेळी नको नेऊस गो संगती. वर पाला नाय मिळत."

मग मोबाइलवर बातमी आली — त्या विमान कंपनीनं पगार थकवलेत. चार दिवसांनी दुसरी, काही विमानं नुसती उभी आहेत. मला संशयानं घेरलं. ग्राहक केंद्रातली बाई एवढी गोड का बोलते? तिकिटं अजून इतकी स्वस्त का विकतायत — गोळा करून पळायचंय का? ऑफिसात कुणी "कधी निघतोस?" विचारलं तरी वाटायचं, याला काहीतरी कळलंय.

आत्याजवळ बोललो, तर तिनं एकच विचारलं, "वस्तीला कुठं असतं रे ते विमान?"

आमच्याकडे अंदाज असाच बांधतात. संध्याकाळची एसटी वर मुक्कामाला आली नाही, तर सकाळी खाली जायला गाडी नाही. मग कुणी पिशवी भरत नाही. मीही तेच करू लागलो. आमच्याच नंबरचं विमान आज गुवाहाटीला उतरलं का, हे रोज मोबाइलवर बघायचं. उतरत होतं. रोज.

आणि — हेच सांगायला इतका वेळ लावतोय — ते उतरलं की मला बरं वाटायचं नाही. कंपनी बुडण्याची मला भीती नव्हती. मी वाट बघत होतो.

का? कारण मी विमानात कधी बसलोच नव्हतो. वाडीत मात्र सांगून ठेवलं होतं, की मुलाखतीला मला दिल्लीला विमानानं नेलं. गेलो होतो रेल्वेनं, जनरलच्या डब्यात. आत्यानं ती गोष्ट किती जणींना सांगितली असेल! आता विमानतळावर ती माझा हात धरून चालणार, आणि मला कुठल्या दारानं शिरायचं तेही ठाऊक नसणार. तिच्या ते लक्षात आल्यावाचून राहिलं असतं का?

जायच्या सहा दिवस आधी त्या विमानाची एक फेरी रद्द झाली. एकच. हवामानामुळे असेल. मी चौकशी केली नाही. दोन्ही तिकिटं रद्द केली, वाडीवर गेलो आणि अंगणातच सांगितलं — कंपनी बुडाली. दुसऱ्या कुठल्या विमानात जागा नाही, असंही सांगितलं. होती.

आत्यानं पाण्याचा तांब्या पुढे केला. मग म्हणाली, "तुजा काय दोष हाय रे त्यात? जेवलास का नाय?"

मी जेवलो. तिच्याच हातचं.

आमच्या तारखेचं विमान वेळेवर उतरलं. बघितलं मी. बारशाला सुनीताच्या माहेरचं कुणीही नव्हतं. आत्यानं नातीला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती चालायला लागली होती, आणि आजीला बघून आईच्या मागे लपली. त्यानंतरही वाडीत कुणी विमानाचा विषय काढला की आत्या माझी बाजू घ्यायची — पोरानं तिकिटं काढली होती, कंपनीच बुडाली.

या उन्हाळ्यात सुनीता लेकीला घेऊन वाडीवर आली. आत्याला वाचता येत नाही. फोनवर तिचा आवाज ऐकला असता तर मी पुन्हा गप्प बसलो असतो, म्हणून पोस्टानं पत्र धाडलं. ते सुनीताच मोठ्यानं वाचणार, हे मला माहीत होतं. पत्र एवढंच:

"तीर्थरूप आत्यास, साष्टांग नमस्कार.

कंपनी बुडाली नव्हती. ती आजही चालू आहे. तिकिटं मी रद्द केली. मी दिल्लीला विमानानं गेलो नव्हतो. ते तुला कळेल म्हणून. दुसऱ्या विमानात त्या दिवशीही जागा होती. तू बारशाला नव्हतीस, ती माझ्यामुळे.

सुनीता, हे वाचताना काही गाळू नकोस.

— दिनेश"