झोपलेला पाणघोडा

बेकरीत केकवर आयसिंगची चित्रं काढणाऱ्या बाईला सगळे आत्या म्हणत. भट्टी तिचा थोरला भाऊ सांभाळायचा आणि गल्ल्यावर वहिनी बसायची. दादा म्हणजे अवाढव्य माणूस. डोक्यावर ओला टॉवेल, पायजम्याची नाडी कायम लोंबती. भट्टीचं काम आटपलं की तो पिठाच्या पोत्यांवर आडवा व्हायचा. तिथंच एका दुपारी तो गेला. आत्या तर ट्रे घेऊन त्याला वळसा घालून गेली आणि जाता जाता "लोळा, महाराज, लोळा!" असं सुनावूनही गेली. चहाला उठवायला गेल्यावर कळलं.

माणसं भेटून गेली. आत्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. बेकरी उघडली आणि पहिल्याच केकवर तिनं पाणघोडा काढला. डोक्यावर टॉवेल, नाडी लोंबती, पोत्यांवर डोळे मिटून पसरलेला आणि पोटावर बदकांची कवायत चाललेली. गिऱ्हाइकं पोट धरून हसली. मग काय, ज्याला त्याला पाणघोडाच हवा! एका वकिलाला साधे गुलाब हवे होते. त्यालाही पाणघोडाच मिळाला, फक्त कानात गुलाब खोचलेला. एका बाईंनी जागा पाणघोडा मागितला, तेव्हा मात्र आत्याची पंचाईत झाली. उघडे डोळे काढले की ती ते लगेच पुसून टाकायची. शेवटी तिनं त्याला काळा चष्मा चढवला.

वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. टॉवेल तिनं पहिल्याच दिवशी ओळखला होता. तिनं बोलणंच टाकलं. एका सकाळी तिनं गल्ल्याच्या किल्ल्या आत्यापुढे आपटल्या.

"वन्सं, माझ्या नवऱ्याचं हसं करताय तुम्ही. मी चालले भावाकडे, कायमची. चालवा तुमची सर्कस!"

आत्याला वाटलं, ही गेली तर दादाबद्दल बोलायचं कुणाशी?

"हसं नाही हो, वहिनी," ती आयसिंगचा कोन हातात धरूनच म्हणाली. "तो गेला होता आणि मी त्याला 'लोळा' म्हणाले. असा काढला की वाटतं, अजून झोपलाच आहे. मला रडता येत नाही, हे येतं."

वहिनी समोरच्या केककडे बघत राहिली.

"चुकलंय," ती म्हणाली.

"काय?"

"तोंड. हे कधी तोंड मिटून झोपले होते का? घोरायचे! काचा हलायच्या. त्या दिवशी आवाज नव्हता, तर मी गल्ल्यावर बसून म्हटलं, चला, आज जरा शांतता."

आत्यानं कोन तिच्या हातात दिला. वहिनीनं जन्मात आयसिंग केलं नव्हतं. तिनं पाणघोड्याचा असा जबडा वासला की दोन बदकं त्यात गडप झाली. दोघी खो खो हसायला लागल्या. हसता हसता आत्याचा बांध फुटला, मग वहिनीचाही. दारातलं गिऱ्हाईक गोंधळून बघत होतं.

"केक झालाय का?" त्यानं विचारलं.

"थांबा," वहिनी नाक ओढत म्हणाली, "अजून घोरायचाय तो."