मिल्ट्रीचे टायर

आमच्या लॉरीला मिल्ट्रीचे टायर बसवले तेव्हा मला सातवा महिना होता, आणि घरात माझ्या पोटापेक्षा एक्सलचीच चर्चा जास्त होती.

लढाई नुकतीच संपली होती. अमरावतीत लष्कराच्या जुन्या सामानाचा लिलाव झाला, तिथून माझे भासरे, म्हणजे यांचे थोरले भाऊ, ते टायर घेऊन आले. माझ्या कमरेएवढे उंच, आणि बोट आत जाईल इतक्या खोल खाचा. मडगार्ड छिन्नीनं कापल्याशिवाय ते बसेनात. कापलेला पत्रा अंगणात पडला होता आणि चांदूर बाजारातलं अर्धं गाव बघायला जमलं होतं. भासरे छाती काढून सगळ्यांना सांगत होते, "आता कोनत्याच चिखलात अडकनार नाई."

लॉरी हे चालवत. हे गाडीखाली जाऊन पडले ते बाहेर येईचनात. जेवायला वाढताना मी विचारलं तर म्हणाले, "जुनं चाक चिखलात नुसतं फिरे. आपन उतरो, बैल लावो, काढो. हे चाक फिरनार नाई, धरून ठेवीन. मंग इंजनाचा जोर कुठी जाईन? एक्सलवर. अन् एक्सल तं तोच जुना."

"मंग सांगा ना दादाजीले," मी भासऱ्यांबद्दल म्हटलं.

"सांगतलं. ते म्हनते, एक्सल लोखंडाचा हाय, मेनाचा नाई."

एक्सल म्हणजे चाकांचा आस. कोणी आसाचं नाव काढलं की माझ्या डोळ्यांपुढे एकच रस्ता येई. आदल्या खेपेला कळा सुरू झाल्या तेव्हा मला बंडीत, म्हणजे बैलगाडीत, घालून अमरावतीला नेत होते. बंडी भासरेच हाकत होते. आमच्या माळ्यांच्या घरात बंडी शहराकडे रिकामी जात नसे. भाजी नाही तर फुलं, काहीतरी चढवायचंच. "जातेच हाय तं जाऊ दे," म्हणून माझ्या पायाशी कोहळे रचले होते. अर्ध्या वाटेत आस मोडला. दुसरी बंडी येईपर्यंत मी बाभळीखाली पडून होते, आणि माझा मुलगा तिथंच झाला आणि तिथंच गेला. कोणी कोणाला बोललं नाही. भासऱ्यांनी ती बंडी विकून टाकली आणि पुढे जुनी लॉरी घेतली. टायरही त्यांनी त्याच धसक्यानं आणले होते, एवढं मला कळत होतं. कळून भीती कमी होत नाही.

पण मी बोलणार कशी? त्या काळी आमच्यात भासऱ्यांशी बोलायची रीत नव्हती. ते ओसरीवर आले की मी पदर पुढे ओढून आत पळायची. काही सांगायचं तर जाऊबाईंना सांगायचं, त्या नवऱ्याला सांगत. मी जाऊबाईंजवळ रडले. माझं रडणं भासऱ्यांपर्यंत पोचलं ते असं: "लहानी विचारून राह्यली, टायर बरोबर हायत ना?" ते म्हणाले, "तिले म्हना, एकदम बरोबर."

त्यानंतर लॉरी दारात आली की मी कान देऊन बसायची. हे म्हणत, स्टिअरिंग जड झालं, ब्रेक उशिरा लागतो, गाडी चढावर दम खाते. भासरे म्हणत, नव्या जोड्यासारखं आहे, सवय होईल. दोघांचं ऐकत मी दाराआड पोट धरून उभी. दसरा झाला की मला अकोल्याला, माहेरी पाठवायचं ठरलं होतं. मी मनात दिवस ढकलत होते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळीच कळा आल्या. अवेळी आल्या. सुईणीनं पोटावर हात फिरवला आणि तोंड पाडलं. मूल आडवं होतं. "अमरावतीले न्या, लवकर न्या." अंगणात लॉरी झेंडूच्या पोत्यांनी शिगोशीग भरून उभी होती, अमरावतीत थोडी फुलं उतरवून ती अकोल्याला जायची होती. मला पुढे बसवलं, शेजारी जाऊबाई. कोणीतरी म्हणालं, पोती काढा. भासरे मागे चढता चढता म्हणाले, "येळ नाई. जातेच हाय तं जाऊ द्या."

तेच शब्द. 

रात्रभर परतीचा पाऊस झाला होता. नाल्याच्या उतारात लॉरी शिरली आणि काळ्या गाळात बसली. यांनी जोर दिला. टायरांनी खरंच धरलं. गाडी जागची हलली, पुढे सरकली, परत बसली. आणि माझ्या पाठीमागून, खालून, लोखंड कण्हल्यासारखा आवाज आला. यांनी पाय काढला. 

वरून भासरे ओरडले, "दे ना जोर! टायर धरून राह्यले!"

"तेच तं, दादा," हे पुटपुटले. पण थोरल्या भावाचा शब्द यांनी जन्मात मोडला नव्हता. पाय पुन्हा खाली जाताना मी पाहिला. मी जाऊबाईंचा हात धरला, "बाई, त्यायले सांगा," म्हटलं. त्या नुसत्या देवाचं नाव घेत होत्या. 

मग मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. पदर खांद्यावर आला होता, तो तसाच राहू दिला.

"दादाजी, फुलं उतरवा!"

ते बघतच राहिले. माझा आवाज त्यांनी त्या घरात कधी ऐकला नव्हता.

"मांगच्या खेपेले कोहळे व्हते," मी म्हटलं. "तवा मी चूप बसली. आता उतरवा."

मला वाटलं, हे मला झापतील. हे स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले होते.  मग एक पोतं धपकन नाल्यात पडलं. मग दुसरं. भासरे एकटेच फेकत होते, पोत्यांची तोंडं सुटत होती, आणि गढूळ पाण्यावरून आमच्या मळ्यातला सगळा दसरा वाहत चालला होता. गाडी रिकामी झाली तेव्हा ते खाली उतरले आणि गुडघाभर गाळात उभे राहून यांना म्हणाले, "आता हळू काढ."

लॉरी हळूच निघाली. खालून आवाज आला नाही.

मुलगी झाली. दुपारी भासरे चिखलानं भरलेले दवाखान्याच्या दारात आले, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि रीतीप्रमाणे जाऊबाईंना म्हणाले, "लहानीले विचार, पोरगी रडते काय?" जाऊबाई विचारणार तोच मी म्हटलं, "रडते, दादाजी." 

ते टायर पुढे त्यांनी स्वतःच काढले. त्या एक्सलनं धरलं असतं की नाही, हे आजही मला ठाऊक नाही. लोक त्यांना छेडत, "काहून जी, तुमचा एक्सल तं लोखंडाचा व्हता ना?" ते शांतपणे म्हणत, "एक्सल बी चांगला व्हता, टायर बी चांगले व्हते." आणि मी आत आहे असं दिसलं तर आवाज चढवून पुढे म्हणत, "पर आमची लहानी म्हने, उतरवा."