चित्र पूर्ण येईपर्यंत

जीप भोपाळहून ग्वाल्हेरला येत होती. शिवपुरीजवळ तिला ट्रक धडकला. जीपमध्ये चार माणसं होती. तिघं वाचली, दादा गेला. तो बुधवार होता.

दादा सरकारी नोकरीत कारकून होता. राज्याचे दोन भाग होऊन गेले होते, पण माणसांची वाटणी अजून चालू होती. कच्च्या यादीत दादाचं नाव नव्या राज्यात गेलं होतं. रायपूरला जायची त्याची तयारी नव्हती, म्हणून तो हरकतीचा अर्ज द्यायला भोपाळच्या सचिवालयात, वल्लभभवनात गेला. त्याचं लग्नही त्या यादीपायी अडलं होतं. मुलीकडची माणसं पत्रिका पाहायच्या आधी विचारत, मुलगा इकडे राहणार की तिकडे? दादा म्हणायचा, माझे ग्रह आता वल्लभभवनात बसतात.

काका त्याला घेऊन आले. इस्पितळातूनच तो पांढऱ्या कापडात शिवून दिलेला होता. दिवस मावळायच्या आत सगळं उरकायचं होतं, त्यामुळे कापड उघडलं नाही. आईने चेहरा दाखवा म्हणून एकदा म्हटलं. काका म्हणाले, "वहिनी, चेहऱ्याला काही झालेलं नाही. झोपल्यासारखा आहे."

हे वाक्य आमच्या घरात प्रत्येक मरणाला म्हटलं जातं. आत्याचे यजमान दोन दिवसांनी विहिरीत सापडले, तेव्हाही ते झोपल्यासारखेच होते. त्यामुळे काकांवर कोणी विश्वास ठेवला नाही. मीही नाही. आईने मान हलवली आणि पुढचे तीन महिने त्या विषयावर ती एक शब्द बोलली नाही. दर्पण कॉलनीतल्या घरात आम्ही दोघीच उरलो. मी शाळेच्या ग्रंथालयात कामाला जात होते आणि परत येत होते.

फेब्रुवारीच्या शेवटी एका दुपारी मावसभाऊ ग्रंथालयात आला. तो एका क्लासमध्ये गणित शिकवायचा. नया बाज़ारात नव्याने निघालेल्या सायबर कॅफेत त्याचं रोज जाणं होतं. माझ्या टेबलासमोर बसून त्याने आधी दोन पुस्तकं चाळली, मग सरळ सांगितलं. त्याच्या मित्राने त्याला एक पत्ता पाठवला होता. क्रिकेटचे फोटो आहेत म्हणून. उघडलं तर मेलेल्या माणसांचे फोटो. अपघात, आगी, तसलं सगळं. मित्रांना असं फसवून घाबरवायचं, हा तेव्हा एक खेळच होता. त्यातल्या एका फोटोत त्याला दादा दिसला होता.

"ताई, तेच केस, तोच कान. आणि मावशीने विणलेला मरून रंगाचा स्वेटर. माझ्याकडे पण तोच आहे नं, मी कसा चुकीन?"

नीट पाहिलंस का, मी विचारलं.

"पूर्ण नाही पाहिला. आधा आला आणि मी बंद करून दिला. मला नाही झालं."

त्या वेळी फोटो एकदम दिसत नसे. वरून खाली एकेक पट्टी उतरायची. गळ्यापर्यंत फोटो आला आणि हा उठून पळाला. मी त्याचा दोष मानला नाही. आमच्यात पाहायचं नसतंच. मृताचा चेहरा झाकायचा, लहानांना शेजारी पाठवायचं, बायकांना आतल्या खोलीत बसवायचं. सगळ्यांनी वळून उभं राहायचं, आणि मग आयुष्यभर मनात रंगवत बसायचं.

कोणाला सांगू नकोस, असं मी त्याला बजावलं. त्याने ते फक्त स्वतःच्या आईला सांगितलं. मावशीच्या पोटात काही राहत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी घरी आले तेव्हा आईला सगळं कळलेलं होतं.

मला वाटलं होतं ती कोसळेल. ती चष्मा पुसत बसली होती.

"मला तिथे ने," ती म्हणाली.

मी म्हटलं, आई, ते पाहण्यासारखं नसतं.

"जगातले लोक पाहताहेत. मी त्याची आई आहे, मी नको पाहू?"

शेवटी मी तिला वचन दिलं. आधी मी जाऊन येते. तो दादा नसेल तर प्रश्नच मिटला. असेल, तर तुला घेऊन जाईन. वचन देताना मला कळत होतं की मी काय कबूल करते आहे.

कॅफे कापडाच्या दुकानावर होता. अरुंद जिना, प्लायवुडच्या खोपट्या, प्रत्येकीला फुलाफुलांचा पडदा. मालक साठीचे होते. मला पाहून ते म्हणाले, "रिज़ल्ट देखना है, मैडम?" मी हो म्हटलं. मावसभावाने पत्ता टाइप केला आणि तो पडद्याकडे तोंड करून उभा राहिला. पंखा लावू का म्हणून त्याने दोनदा विचारलं.

फोटो उतरायला लागला. आधी आकाश, मग गाडीचं टप, मग केस. केस खरंच दादासारखे होते, मागे वळवलेले, दाट. मग कपाळ, ते लाल होतं. मी टेबलाची कड धरली. कान आला. दादाच्या कानासारखाच थोडा बाहेर आलेला. चेहऱ्याचा उरलेला भाग पलीकडे वळलेला होता. मग स्वेटरचा गळा आला, मरून. इथेच मावसभाऊ उठला असणार. मलाही उठावंसं वाटलं. पण घरी आई वाट पाहत होती, आणि अर्धं पाहून मी तिला काय सांगणार होते? मी बसून राहिले.

पुढची पट्टी उतरली. स्वेटरला पुढून चेन होती.

मी तरी थांबले. खाली गाडीचं दार आलं, रस्त्यावरचा बर्फ आला आणि नंबरप्लेट आली. तिच्यावरची अक्षरं आपली नव्हती, इंग्रजीही नव्हती. फोटो शेवटपर्यंत आला तेव्हा मी टेबलाची कड सोडली. मी मावसभावाला म्हटलं, वळ, तो नाही. तो वळला नाही. तिथेच उभा राहून रडायला लागला. मालकांनी पडद्यापलीकडून विचारलं, "फेल हो गए क्या?" मी म्हटलं, नाही, पास.

निघण्याआधी मी फोटोखालचा मजकूर वाचला. लोकांनी इंग्रजीत शेरे लिहिले होते. एकाने त्या माणसाच्या कानांची थट्टा केली होती. मला जिना उतरताना अतिशय हलकं वाटत होतं, पण त्या शेऱ्याचा राग खाली रस्त्यापर्यंत माझ्याबरोबर आला. तो माणूस कोणाचा होता, मला माहीत नाही. ते कान कुणाच्या तरी ओळखीचे असतील.

पुढे त्या साइट्सविषयी मी बरंच वाचलं. त्या चालवणारे म्हणत, आम्ही फक्त खरं दाखवतो, ज्याला नको त्याने पाहू नये. मृतांच्या घरच्यांनी तक्रारी केल्या, काही देशांत खटले झाले, काही साइट्स बंद पडल्या, काही नाव बदलून पुन्हा उघडल्या. तो वाद मी दोन्ही बाजूंनी वाचला. खरं दाखवणाऱ्यांनी त्या माणसाचं नावही कुठे लिहिलेलं नव्हतं, एवढं मी स्वतः पाहिलेलं होतं.

घरी आई चपला घालून, शाल पांघरून पुढच्या खोलीत बसली होती. निघायच्या तयारीत.

"तो नाही," मी म्हणाले.

"नक्की?"

"स्वेटरला चेन होती, आई."

तिने जरा विचार केला. "मी चेन कशाला लावीन?" ती म्हणाली, आणि तिने चपला काढल्या. मग बराच वेळ ती पदराने डोळे पुसत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "म्हणजे तो कसा होता, ते आता मला कळायचंच नाही."

दुसऱ्या दिवशी मी सराफ़ा बाज़ारामागे काकांकडे गेले. मी त्यांना खरं सांगा म्हटलं. ते चिडले. "मी पहिल्या दिवसापासून खरंच सांगतोय. तुम्हीच सगळे माझ्याकडे बिचारा म्हणून पाहता." मार छातीला बसला होता. कापड उसवलं असतं तर ती दिसली असती. ते दाखवायचा धीर त्यांना झाला नाही, म्हणून कापड तसंच ठेवलं.

मी त्यांना तसंच घरी घेऊन आले. आईसमोर बसून त्यांनी पुन्हा सांगितलं. आईने नेहमीसारखी मान हलवली. मग काका म्हणाले, "त्याच्या मिशीला चहाची साय लागलेली होती, वहिनी. मी रुमालाने पुसली. केस विंचरले, माझ्याच कंगव्याने."

आईची मान हलायची थांबली. सांत्वन करायला आलेला माणूस मिशीवरची साय रचून सांगत नाही.

"साय काढून टाकायचा नाहीच कधी," आई म्हणाली. "मी गाळून द्यायची म्हणून चालायचं. बाहेर कोण गाळून देणार?" आणि ती हसली. तीन महिन्यांत पहिल्यांदा. मग म्हणाली, "भाऊजी, परत सांगा. पहिल्यापासून."

काकांनी परत सांगितलं. त्यानंतरही किती वेळा. दर वेळी ती तेवढंच लक्ष देऊन ऐकायची. त्या रात्रीपासून तिला झोप लागायला लागली, आणि हळूहळू मलाही.

आई आणि काका दोघंही आता नाहीत. पक्की यादी लागली तेव्हा दादाची हरकत मान्य झालेली होती. इंटरनेटवर दादाचा एकही फोटो नाही. घरी एकोणीस आहेत.