मी बूट काढले नाहीत

बीबीहून मेहकरकडे जाणाऱ्या बैलगाडीत आम्ही दोघं चढलो, तेव्हा रहमानची आई चाकाला हात लावून उभी होती. माझी आई रडत होती, बाप भरतीवाल्या जमादाराच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता आणि रहमान गाडीवानाला म्हणत होता, "हाक ना बे लवकर, नाही तं ह्या बाया आपल्याले खाली उतरवते." त्याच्या आईला मी खाला म्हणायचो. ती माझ्याकडं बघून एवढंच बोलली, "अजीज, ह्याले पोहता येत नाही. दर्याजवळ जाऊ नोको देजो." तिनं जन्मात लोणारच्या तळ्यापलीकडं पाणी पाहिलेलं नव्हतं.

आम्ही दोघं पिंजाऱ्याची पोरं. भिंतीला भिंत लागून घरं, आणि जेवण बहुतेक एकाच ताटात, कधी माझ्या घरी तर कधी त्याच्या. कापूस पिंजून पिंजून नाकातोंडात तंतू गेले होते, त्याचा कंटाळा आला होता. भरती व्हायला याहून मोठं कारण आमच्याकडं नव्हतं, आणि आता उगाच आणून चिकटवत नाही. गावात तेव्हा पलटणीत जाणाऱ्याला कोणी बरं म्हणत नव्हतं. आमच्या वयाची पोरं झेंडे घेऊन तुरुंगात जात होती आणि आम्ही गोऱ्या साहेबाची वर्दी घालायला निघालो होतो. वेशीजवळ शाळेतले गुरुजी भेटले. रहमाननं हात जोडले, तर त्यांनी मान फिरवली. आम्ही हसलो. हसायचं वय होतं.

वऱ्हाड तेव्हा नागपूरच्या सरकारात होतं, पण आमच्या लेखी नागपूरही परदेशच. तिथून पुढं कुठं कुठं नेलं ते सांगत बसत नाही. परेड शिकलो, लंगरची डाळ शिकलो, पंजाब्यांची बोली शिकलो. महायुद्ध संपलं, जपान हरला, आणि आम्ही पेट्या आवरून घरी जायच्या तयारीत बसलो. तेवढ्यात हुकूम आला की जावा बेटावर जायचंय. तिथल्या लोकांनी आपलं राज्य जाहीर केलं होतं आणि डचांना ते परत हवं होतं. डचांकडं माणसं नव्हती, म्हणून आम्ही. बोटीवर रहमान म्हणाला, "म्हणजे आपल्या घरचा चोर आपल्यालेच घेऊन दुसऱ्याच्या घरी चालला." इकडं देशात सभा भरत होत्या, हिंदी पलटणी जावातून परत आणा म्हणून ठराव होत होते. हे आम्हाला पुष्कळ उशिरा कळलं. लवकर कळलं असतं तर मी वेगळा वागलो असतो, असं मात्र मी म्हणणार नाही.

तिथं खेड्याला कंपोंग म्हणतात. आमची गस्त रोज सकाळी ज्या कंपोंगमधून जाई, तिथं एक लहान मशीद होती. कौलारू, बिनमिनारची, लांबून आपल्याकडची चावडीच वाटावी अशी. एक म्हातारा पायरी झाडत असायचा. आम्हाला पाहिलं की तो खराटा बाजूला ठेवून म्हणे, "अस्सलाम आलैकुम." गावकऱ्यांशी बोलायचं नाही असा हुकूम होता. पण सलामाचं उत्तर देणं फर्ज, हे तर आम्हाला बोलायला लागल्यापासून शिकवलेलं. रहमान रोज मोठ्यानं उत्तर देई. मी मनातल्या मनात देत होतो. मनातल्या मनात दिलेला सलाम म्हाताऱ्याला काय ऐकू जाणार!

मग एक दिवस त्या वाटेवर आमच्या लॉरीवर हल्ला झाला. आमची माणसं मेली. दुसऱ्या दिवशी कंपोंग जाळायचा हुकूम आला. पुरुष आधीच पळाले होते. बायका, पोरं, म्हातारे होते, त्यांना रस्त्यावर आणून बसवलं. हवालदार रॉकेलचे डबे वाटत होता. आम्ही दोघं मशिदीपाशी होतो. म्हातारा तिथंच होता, त्या दिवशीही त्यानं सलाम केला. रहमाननं उत्तर दिलं, रायफल भिंतीला नीट टेकवून ठेवली आणि पायरीवर बसून बूट काढायला लागला. मला म्हणाला, "अजीज, बूट काढ बे. आत चाल."

नमाजाची वेळ नव्हती. मशिदीला मागं दार होतं आणि मागं भाताची खाचरं होती, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. मला कळलं नाही असं मी पुढं साहेबांना सांगितलं, चौकशीत सांगितलं, कित्येक वर्षं स्वतःलाही सांगितलं. मला कळलं होतं. मी खाली वाकलोसुद्धा. नाडीला हात घातला. गाठ ओली होती, सुटेना. सोडायची असती तर सुटली असती. रहमान थोडा थांबला, मग अनवाणी आत गेला. म्हातारा माझ्याकडं बघत होता.

हवालदारानं मागून आवाज दिला आणि माझ्या हातात डबा दिला. पहिली काडी मी लावली नाही. दुसऱ्या घराला लावली. बांबूची घरं, भुर्रकन पेटली. रस्त्यावरच्या बायका ओरडत नव्हत्या, नुसत्या बघत होत्या. एवढ्या वर्षांनी लाज कशाची वाटते म्हणाल तर त्या बघण्याची वाटते. आमच्याबरोबरच्या गोऱ्या शिपायांकडं त्या तशा बघत नव्हत्या.

रहमान सापडला नाही. त्यांच्या बाजूनं लढतो, असं कोणी म्हणालं. तिकडंच लग्न केलं, असंही म्हणालं. पलटणीनं त्याला भगोडा ठरवलं. मी एकटा बीबीला परतलो तेव्हा पोलीस खालाच्या घरी जाऊन हाच शब्द बोलून आले होते. ती मला म्हणाली, "दर्यात तं नाही ना बुडाला?" मी म्हणालो, "नाही खाला." "मंग बरं," म्हणाली आणि चुलीकडं गेली.

स्वराज्य आलं आणि सगळं उलटंपालटं झालं. भगोडा रहमान गावाचा वाघ झाला. चावडीपुढं सभा भरली, त्याच गुरुजींनी खालाच्या गळ्यात हार घातला. मी मागं उभा होतो. मला कोणी काही बोललं नाही, एकानं फक्त शेजाऱ्याला विचारलं, "हा थोच का, वापस आलेला?" माणूस लढाईवरून वापस येतो ही शिवी असू शकते, हे त्या दिवशी कळलं. थोड्याच दिवसांत मी बिऱ्हाड उचललं आणि शेगावला आलो.

इथं माझं गाद्या भरायचं दुकान आहे. ज्या पिंजण्याचा कंटाळा करून गेलो, तेच करतो. धर्मशाळांचं काम मिळतं, गिऱ्हाईक कुठून कुठून येतं, कोणी मागचं विचारत नाही. बायकोचं माहेर इथलं, मुलं इथलीच म्हणवतात. तुम्ही बीबीत राहिलेले मला म्हणता, "गावाले विसरला." नाही हो. आणि माझ्यासारखं वर्दीत गेलेल्यांनो, तुम्हाला सांगायला नको. गावी आपलं घर असतं, फक्त तिथं मान वर करून बसता येत नाही.

ईदला मात्र मी जातो. आईबाप गेले, म्हणून खालाकडंच उतरतो. ती आता खूप थकली आहे, डोळ्यांनी कमी दिसतं. या ईदला ताट वाढून ती समोर बसली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोलली, "अजीज, तू काऊन नाही गेला रे त्याच्या संगं?"

मी ठरलेली उत्तरं दिली. हुकूम होता, गोळी घातली असती, घरी म्हातारे होते. देश, दीन, सगळ्याबद्दल बोललो. तिनं ऐकून घेतलं.

"थे नाही इचारून राह्यली मी," ती म्हणाली. "एकटा पडला असन ना थो तिकडे. तुयी सोबत झाली असती."

 भूक लागली होती, हेही लाजेनंच सांगतो. ती म्हणाली, "खाय," आणि चाचपडत माझ्या ताटात आणखी एक भाकर टाकली. मी ती खाल्ली.