मोबाईलमधले अकरा बैल

त्या दिवशी दुपारी आम्ही दोघं नवरा-बायको अंगणात बाजेवर बसलो होतो आणि मधोमध दोन मोबाईल ठेवले होते. एक आमचा, एक पोराचा. आमच्यात जुना खेळ, पोराच्यात नवा. कोणता ठेवायचा आणि कोणता सोडायचा ते ठरवायला बसलो होतो. आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं साधं काम. दुसऱ्या दिवशी ती नव्हती.

म्हातारा-म्हातारी मोबाईलवर राक्षस मारतात म्हणून तांड्यात लोक हसायचे. त्याची मला कधी लाज वाटली नाही. लाज दुसऱ्या गोष्टीची आहे.

खेळ आणला नातीनं. ती नागपूरला नर्सिंग शिकते. उन्हाळ्यात घरी आली तेव्हा तिच्या दादीचे, म्हणजे माझ्या बायकोचे, गुडघे गेलेले, वावरात जाणं बंद, दिवसभर बाजेवर बसून सगळ्यांना शिव्या देणं चालू. नातीनं मोबाईलमध्ये हा खेळ टाकून दिला. खेळात मोठं जंगल. जंगलात राक्षस, चेटकिणी, मंतरलेल्या विहिरी. त्या जंगलातून बैलांच्या पाठीवर माल लादून एका गावाहून दुसऱ्या गावी न्यायचा. वाटेत दुसरे खेळणारे भेटतात, कुठले कुठले असतात, काही दिवस सोबत चालतात आणि आपल्या वाटेनं निघून जातात.

आम्ही बंजारा. आमचे खापरपणजे हेच करत होते, मीठ अन् धान्य बैलांवर लादून मुलुखभर फिरायचे. लदेणी म्हणतात त्याला. मी काही ते पाहिलं नाही, मी कापूस आणि तूर पाहिली. पण माझ्या बायकोला तिच्या आजीनं सगळं सांगून ठेवलं होतं. मुक्काम पाण्यापासून किती लांब करायचा, कोणता बैल पुढं ठेवायचा, चढावर गोणी कशी सरकते. तिला अक्षरओळख नव्हती. मी चौथी शिकलो, अडखळत वाचतो. तरी आठ दिवसांत तिला चित्रं पाहून सगळा खेळ कळला आणि मला महिना लागला.

एकाच मोबाईलमध्ये आमची दोन माणसं होती. माझा तलवारवाला आणि तिची लाल घागऱ्याची बाई. आधी मी माझा माणूस पुढं नेऊन रस्ता साफ करायचा. मग मोबाईल तिच्या हातात जायचा आणि तिची बाई मागून बैल घेऊन यायची. एका बैलापासून अकरा बैल केले तिनं. माझा माणूस सारखा मरायचा, कारण मला धीर नाही. तो मेला की तिच्या बाईनं त्याला बैलावर टाकून मागच्या गावच्या देवळात न्यायचं, तेव्हा तो जिवंत व्हायचा. बैलावर जागा करायला एक गोणी फेकावी लागायची.

"पुन्हा मेला?" ती म्हणायची. "आता मीठ फेकू का गहू?"

"फेक कोणतंबी."

"दोन गोण्या फेका लागतीन. पोट पाह्य त्याचं, तुझ्यावरच गेला."

घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो, इथं मराठीत लिहितो. ती मला लग्नापासून तूच म्हणायची.

तर त्या दुपारी. मला नवा खेळ पाहिजे होता. पोरगा कळंबच्या रस्त्यावर जीप चालवतो, शिटा भरेपर्यंत तो खेळतो. तो मला म्हणाला होता, "बापू, तुमी म्हाताऱ्याचा खेळ खेळता. बैलाच्या मागं मागं." ते मला लागलं होतं. आमचा मोबाईल लहान, त्यात दोन खेळ मावत नव्हते. एक ठेवायचा तर एक काढायचा.

मी तिला नवा खेळ दाखवला. "पाह्य, याच्यात उडता येते."

"बैल हायेत?"

"बैल नाहीत. पंखाचा घोडा हाय."

"मंग सामान कशावर?"

"झोळीत. एका झोळीत शंभर तलवारी मावतात."

"अन् वजन?"

"वजन लागतच नाही."

तिनं मोबाईल डोळ्याजवळ नेला. "शंभर तलवारी पाठीवर अन् हा पळून राह्यला. खोटं हाय." मग एक लढाऊ बाई दिसली. "अन् इचे कपडे कुठं गेले?"

"ते चिलखत हाय."

"एवढंसं? कोणाच्या नातीचं उचलून आणलं इनं?"

मी चिडलो. म्हटलं, नीट पाहून मग बोल. आमच्या खेळात मेलं की दोन दिवस जातात, माल जातो. याच्यात मेलं की बटन दाबायचं, जागच्या जागी उठून उभं राहायचं.

"कोण उठवते?"

"कोणी नाही. आपलं आपण."

"मंग सोबतचे थांबत नाहीत?"

"कायले थांबतीन? तेच तर चांगलं हाय."

"मले नाही पटत."

"तुले मेल्यावरबी चार लोकाईले तरास पाह्यजे."

"पाह्यजेच," ती म्हणाली. "फुकट नाही मरत मी."

दोघंही हसलो. शेवटी ती कबूल झाली. एवढंच म्हणाली, "घेजो तुझा खेळ. पण हा माल पोचू दे. घाटाखाली उभा हाय, परवा बाजाराच्या गावी लागते. अर्ध्या वाटेत माल टाकून आमच्यात कोणी जात नसते." मी बरं म्हटलं. तिला वाटलं, ठरलं. ती काठी घेऊन शेळीला पाला टाकायला गोठ्याकडं गेली.

पोरगा चारच्या फेरीला निघणार होता. आमच्या मोबाईलचं नेट गोगलगाय. पोराच्या मोबाईलवरून नेट घेतलं तर अर्ध्या तासात नवा खेळ उतरला असता. दोन दिवसांनी घ्यायचा तर पोरगा कधी घरी, कधी नाही. एवढंच कारण. यापेक्षा मोठं कारण मी खूप शोधलं, सापडत नाही.

नातीनं उन्हाळ्यात मला बजावून सांगितलं होतं, "दादा, आपण नंबर-बिंबर जोडला नाही, पाहुणे म्हणून आत शिरलो. हा खेळ मोबाईलमधून काढला की दादीचं सगळं पुसून जाईल. काढू नका." ते मला आठवत होतं. मोबाईलनंही विचारलं, काढायचा का, माहिती पुसली जाईल. मी अक्षर अक्षर लावून ते वाचलं. कळलं नाही असं मला म्हणता येत नाही. मी हो दाबलं. तिला सांगायचं काय तेही ठरवून ठेवलं. आपोआप गेला म्हणायचं, तिला काय कळते.

संध्याकाळी जेवणं झाल्यावर तिनं हात पुसले आणि मागितला. "दे, बैलांले पाणी पाजू दे."

"चार्जिंगले लावला. सकाळी पाह्य."

"उपाशी राहतीन."

"खेळातले बैल उपाशी राहते का?"

"सुस्त होतात. तुले काय माहीत, तू तर तलवार हालवत पुढं पळतं."

मग ती झोपायला गेली. छातीत दुखते असं काही म्हणाली नाही. गुडघ्याला तेल लावलं आणि झोपली.

रोज ती माझ्या आधी उठायची. सकाळी उजाडलं तरी चुलीचा आवाज नाही म्हणून मी गेलो. पायाला हात लावला. थंड होता.

आता लिहितो. माझ्या मनात पहिली गोष्ट जी आली ती ही, की आता तिला कळणार नाही. सुटलो. रडणं त्याच्या मागून आलं. एका श्वासानं असेल, दोन श्वासांनी असेल, पण मागून आलं. पन्नास वर्षांच्या वर जिच्याबरोबर राहिलो तिच्या थंड पायावर हात ठेवून मला हायसं वाटलं. कोणाला हाक मारायच्या आधी मी मोबाईल चार्जिंगवरून काढला आणि बंडीच्या खिशात घातला.

तांडा जमला. बायका आल्या, गळ्यात पडून रडल्या. नात दुपारच्या आत नागपूरहून पोचली. तिनं दादीचे पाय धरले ते सोडेना. दुपारी आम्ही दादीला नेलं, अग्नी दिला, परत आलो.

परत आल्यावर लोक अंगणात बसले होते. मी न्हाणीत गेलो, आतून ताट्टीचं दार लावलं आणि खिशातून मोबाईल काढला. म्हटलं पाहू, काही उरलं असेल तर. नवा खेळ काढून टाकला आणि जुना पुन्हा मागवला. थेंब थेंब उतरत होता. मी दगडावर बसून राहिलो. बाहेरून पोरानं आवाज दिला, "बापू, बरं हाये ना?" मी हो म्हटलं. उतरला तेव्हा खेळानं मला ओळखलं नाही. नवीन आहात का विचारलं. तुमचा माणूस निवडा म्हणाला. खाली एक रिकामा बैल उभा होता, सगळ्यांना सुरुवातीला देतात तो.

मी मोबाईल बंद केला आणि तोंड धुऊन बाहेर आलो. डोळे लाल होते. एक म्हातारी दुसरीला म्हणाली, "कसा लपून रडते बिचारा." मी ऐकलं आणि खाली बसलो.

संध्याकाळी नात जवळ येऊन बसली. म्हणाली, "दादा, एकदा दादीचे बैल दाखवा ना. मागच्या रविवारी फोनवर सांगत होती अकरा झाले म्हणून. मला त्यांचा फोटो काढून ठेवायचा आहे. दादीनं स्वतःच्या हातानं केलेलं दुसरं काही नाही आपल्याकडं. गोधडी केली ती पण फाटली."

मी म्हटलं, "मोबाईल बिघडला."

"कधी?"

"काल."

"मला द्या. नागपूरला नीट करून आणते."

"राहू दे."

तिनं माझ्याकडं पाहिलं आणि माझ्या पाठीवर हात फिरवला. हळू म्हणाली, "तुमच्याच्यानं पाहवत नाही ना? बरं. तुमचं मन झालं की द्या. मी घाई नाही करत." मग उठून आत गेली आणि आत सांगताना मी ऐकलं, दादाला मोबाईलबद्दल कोणी विचारू नका. माझ्या सुनेनं जेवायला वाढताना माझ्या ताटात तुपाचा चमचा जास्त घातला. शेजारचे दोघे मला ऐकू जाईल असं म्हणाले, जोडी म्हणावी तर अशी. मी ते सगळं घेतलं. मान खाली घालून ते तूपही खाल्लं. मी नाही म्हणालो नाही. माणूस चोरी करतो ती एकदा करतो, मी बसल्या जागी दिवसभर करत होतो.

जी गेली तिला काही सांगायची सोय राहिली नव्हती. तिच्या नावानं अजून कोणाला सांगता येईल तर ही एक पोरगी होती, आणि तीच मला माफ करून बसली होती, काय माफ केलं ते न कळता. दोन दिवसांनी ती कॉलेजला परत जाणार. गेली की गोष्ट तिथंच थिजणार आणि मी मरेपर्यंत तिचा गरीब दादा राहणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं राख सावडायला जायला जमत होती. नात मागच्या नळावर कळशी भरत होती. मी तिथं गेलो आणि मोबाईल तिच्यापुढं धरला.

"बिघडला नाही," मी म्हटलं. "दादीचा खेळ मी काढला. ती जिती होती तेव्हाच काढला. माल पोचू दे म्हणाली होती, मी बरं म्हटलं, अन् ती गोठ्यात गेल्यावर काढला. तू सांगितलं होतं ते आठवत होतं मले. संध्याकाळी तिनं मागितला तर खोटं बोललो."

तिनं कळशीकडं पाहिलं. मग म्हणाली, "दादीला कळलं होतं?"

"नाही."

"मग जाऊ द्या दादा. खेळच होता."

तिचा आवाज फाटला होता, तरी तिनं सोडून दिलं. मला तिथून निघता आलं असतं. समोरून पोरगा आवाज देत होता, सगळे थांबले होते. मी दोन पावलं गेलोही.

मग परत फिरलो. म्हटलं, "अजून आहे. काल सकाळी तिचा पाय थंड लागला तेव्हा मी आधी रडलो नाही. मले आधी वाटलं, बरं झालं, आता हिले कळत नाही. सुटलो असं वाटलं मले. मंग रडलो."

कळशी भरून पाणी वाहत होतं. तिनं नळ बंद केला नाही. माझ्याकडं पाहत होती, काल पाहत होती तसं नाही. मी मोबाईल धुण्याच्या दगडावर ठेवला आणि माणसांबरोबर राख सावडायला गेलो.