घड्याळ्या कधी घाई करत नाही

माझ्या नातीला शाळेच्या गॅदरिंगमध्ये खलनायकाचं काम मिळालं आणि आठवडा व्हायच्या आत ते हातून जायची पाळी आली. खलनायक म्हणजे आपला नेहमीचा मिशीवाला नाही हो, टीव्हीच्या कार्टूनमधला. आधी त्याच्याबद्दल सांगते, म्हणजे पुढचं नीट समजेल.

लेक आणि सून वावरातून यायच्या आधी आमच्या घरचा टीव्ही नातीचा आणि माझा असतो. तेव्हा ते कार्टून लागतं. सगळे हिंदीत बोलतात. त्यात निळ्या कपड्यांतला एक उडणारा पोरगा आहे, तो सारखा जगाला वाचवत असतो. त्याचं मला काही फार कौतुक नाही. उडतो, ठोसा मारतो, झालं. मला आवडतो तो त्याचा दुश्मन. त्याचं खरं नाव लांबलचक इंग्रजी आहे, ते आमच्या दोघींच्याही तोंडात बसत नाही, म्हणून आम्ही त्याला घड्याळ्या म्हणतो. पायघोळ कोट घालतो आणि कोटाच्या आत नुसती घड्याळंच घड्याळं टांगलेली. त्याला जगात एकाच गोष्टीचं वेड, वेळ. कोणी रिकामं बसलेलं दिसलं की याच्या अंगाची आग होते. समोर जाऊन उभा राहतो, कोट उघडतो, आणि त्या माणसाचा सगळा वेळ एका घड्याळात ओढून घेतो. माणूस आहे तिथे दगडासारखा. ‘तू वापरत नव्हतास, मी नेला,’ म्हणतो आणि चालायला लागतो.

मी नातीला म्हटलं होतं, हा आपल्या गावात आला तर पानठेल्यापासून सुरुवात करेल आणि दुपारपर्यंत अर्धं गाव बसल्या जागी थिजेल. ती हसून हसून लोळली होती.

तर शाळेतल्या मॅडमनी या कार्टूनवरूनच मराठीत छोटं नाटक लिहिलं. मॅडम कुरखेड्याहून जाऊन-येऊन करतात. हौशी आहेत, पोरांना जीव लावतात. घड्याळ्याचं बोलणं कोणाला पाठ आहे विचारलं, तर माझ्या नातीनं सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. काम तिला मिळालं. पोरं कुरकुरली, पोरगी कशी काय खलनायक होते म्हणे. मॅडमनी त्यांना गप्प केलं. पण खरी अडचण पोरांची नव्हतीच, आवाजाची होती. नात दहा वर्षांची, काडीसारखी, आणि आवाज कोंबडीच्या पिल्लाचा. मैदानात पोरांचा गलका सुरू झाला की तिचं बोलणं दुसऱ्या रांगेतही पोचेना. शेवटी मॅडम म्हणाल्या, शनिवारच्या तालमीत मी मागे उभी राहते, तिथवर ऐकू आलं तर काम तुझं. नाही आलं तर दुसऱ्याला द्यावं लागेल, तू पुठ्ठ्याचं घंटाघर धरून उभी राहा.

त्या दिवशी पोरगी घरी आली, दप्तर टाकलं आणि ताटाकडे पाहीना.

“आजी, मले घंटाघर नाई बनाचं.”

“नाई बनू देत. जेव पह्यले,” मी म्हटलं.

हे मी उगीच तिचं मन राखायला म्हटलं नव्हतं. झाडीपट्टीतल्या बाईला नाटक काय असतं ते सांगावं लागत नाही. आमच्याकडे दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव नाटकं होतात, घरात पाहुणे मावत नाहीत, आणि माझे मालक त्या नाटकांत खलनायकाची कामं करायचे. बाकी वर्ष धान, हिवाळ्यात दुष्टपणा. नाटकातल्या एकेकाचं बोलणं वेगळ्या कागदावर लिहून देतात, त्याला नक्कल म्हणतात. मी शाळा फार शिकले नाही. मला जे काही वाचता-लिहिता येतं ते त्यांच्या नकला हातात धरून. मी समोरच्याचं वाक्य वाचायची, ते आपलं म्हणायचे. सुनेला छळणारे, भावाचा गळा कापणारे किती जण मी चुलीपुढे बसून पाठ करून घेतले असतील. तेव्हा एक घड्याळ्या मला जड नव्हता.

पण पहिल्यांदा मी चुकलेच. मला आठवलं ते मालकांचं गडगडाटी हसणं, मंडपाच्या पार टोकाला पोचायचं ते. नातीला घरामागे उभी केली आणि म्हटलं, पोटातून आवाज काढ, हसून दाखव. बिचारी हसली. ओरडली. शेजारची म्हैस दावं ताणून उभी राहिली, पण पोरीच्या आवाजात जरब काही येईना, नुसता चिरकत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी गळा बसला. पाणी हवं तर ते हातानं सांगायला लागली. मिठाच्या गुळण्या, गरम पाणी, सगळं केलं. लेक माझ्यावर चिडला.

“काय करून राह्यली वं आई तू. होता तोही आवाज घालवला पोरीचा.”

बरोबरच बोलला.

संध्याकाळी आम्ही दोघी टीव्हीपुढे बसलो. तिला बोलता येत नव्हतं, म्हणून यावेळी ती घड्याळ्यासोबत वाक्यं म्हणत नव्हती, नुसती पाहत होती. मध्येच तिनं माझा पदर ओढला आणि कानाला लागून फुसफुसली.

“आजी, हा तं वरडतच नाई.”

मी चष्मा पुसला आणि नीट पाहिलं. खरंच की. ओरडतो तो निळा पोरगा. धावतो तोही. घड्याळ्या चालतो, आणि तेही असा की जणू जेवण करून शतपावली घालतोय. बाहीची घडी सरळ करतो. समोरच्याकडे पाहतो. पुन्हा पाहतो. समोरचा चुळबुळायला लागला, घाम पुसायला लागला, की मग हळूच एक वाक्य. आणि का नाही चालणार हळू? साऱ्या दुनियेचा वेळ याच्या कोटात. घाई बाकीच्यांना, याला कसली?

ते पाहता पाहता मला आमचं स्वयंपाकघर आठवलं. मालक कधीकधी दारात येऊन उभे राहायचे. बोलायचे नाहीत, नुसते पाहायचे. मी भात वैरत असायची. अहो काय झालं, काय हवं, असं मी विचारलं की खूश होऊन म्हणायचे, जमलं. मी किती वेळात अस्वस्थ होते ते तपासायचे माझ्यावर. म्हणायचे, लोकायचं बोलणं पह्यले आटू दे, मग आपलं एक वाक्य टाक, कुजबुजलं तरी मंडपभर जाते. गडगडाट मला लक्षात राहिला आणि हे राहिलं नाही.

“आवाज राहू दे तुहा तेवढाच,” मी नातीला म्हटलं. “आपण चूप राहणं शिकू.”

गळा सुटला तशी मी तिला बुद्धविहाराच्या ओट्यावर नेली. तिथे सकाळच्या उन्हात आमच्या वयाच्या बाया पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत बसतात. सोलणाऱ्या बऱ्याच, पण आमच्यातली सगळ्यात म्हातारी एक आहे, तिची बोटं आता चालत नाहीत, ती नुसती ऊन खात बसते. मी कोणाला काही सांगितलं नाही. नात सुनेचा काळा रेनकोट घालून समोर गेली आणि उभी राहिली. बायांनी आधी चेष्टा केली. काय वं, थंडीत पानी येते का, कोणाचा रेनकोट चोरला, असं. ती उभीच. एकेकीच्या हाताकडे पाहत गेली. चेष्टा विरली. शेंगा फुटायचा आवाज तेवढा राहिला, मग तोही थांबला. नातीची नजर म्हातारीच्या रिकाम्या हातांवर येऊन थांबली. तिनं रेनकोट उघडला.

“तुमचा वेळ मी नेऊन राह्यली,” ती म्हणाली. एवढंच, आणि हळू.

म्हातारीनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

“माहा काऊन नेतं वं बाई? माह्यापाशी आधीच थोडासा उरला.”

कोणी हसलं नाही. आणि नात, आतापर्यंत एवढी पक्की राहिलेली, तिचं तोंड रडवेलं झालं. ती धावत गेली आणि म्हातारीच्या गळ्यात पडली.

“घे आजी, वापस देल्ला. सगळाच देल्ला.”

मग बाया हसल्या, म्हातारी सर्वांत जास्त. ओंजळभर दाणे नातीच्या खिशात गेले. घरी येताना मी तिला समजावलं, घरी काय ते वापस दे, स्टेजवर द्यायचं नाही. तो घड्याळ्या आहे.

शनिवारी तालमीला मीही गेले, रेनकोट द्यायचं निमित्त काढून. मैदानात पोरं बसलेली, गलका असा की आपलंच आपल्याला ऐकू येईना. मॅडम सगळ्यांच्या मागे हापशीजवळ उभ्या. नात आली आणि शाळेच्या ओट्याच्या मधोमध उभी राहिली. कोणाचं लक्षच नाही. मॅडमनी हातानं खुणावलं, बोल. ती बोलली नाही. मॅडमनी पुन्हा खुणावलं. ती त्यांच्याकडेच पाहत राहिली. पुढची रांग गप्प झाली, मग तिच्या मागची. मागे दोघांची ढकलाढकली चालली होती, त्यांना शेजारच्यांनीच कोपर मारून थांबवलं. आता काय होतंय ते पाहायला सगळे वर माना करून बसले. मग तिनं रेनकोटाची बाही सरळ केली आणि त्या पिल्लासारख्या आवाजात म्हणाली,

“तुम्ही सगळे रिकामे बसला आहात. मी केव्हाची पाहते आहे.”

हापशीजवळ मॅडम एकदम सरळ उभ्या राहिल्या.

तेवढ्यात निळा शर्ट घातलेला पोरगा ठरल्याप्रमाणे धावत आला. नातीनं नुसती मान वळवली. तो मध्येच थांबला.

“मॅडम, हिले सांगा ना, असं पाहू नको म्हना.”

मॅडम हसत पुढे आल्या. तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, काम तुझंच, शब्द न् शब्द पोचला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “आजी, फक्त थोडं कमी करायला सांगा तिला. पहिलीतली मुलं भितील.”

वाटेत नातीनं विचारलं, “आजी, करू काय कमी?”

मी म्हटलं, “नाई.”

गॅदरिंगच्या दिवशी मंडप भरला होता. पडदा सरकला, घड्याळ्या आला, उभा राहिला आणि लोकांकडे पाहू लागला. पुढे बसलेल्या लहानग्यांपैकी एकानं भोकाड पसरलं आणि आईकडे धावला, त्याच्यामागे दुसरा. मॅडमनी मंडपाच्या कोपऱ्यातून माझ्याकडे पाहिलं. मी सरळ स्टेजकडे पाहत राहिले. माझी नात अजून एक शब्द बोलली नव्हती.